जुना संगणक देण्यापूर्वी

घरातला जुना डेस्कटॉप गावातल्या अभ्यासिकेला द्यायचा ठरल्यामुळे आजची दुपार तो रिकामा करण्यात गेली. वडिलांच्या पेन्शनची कागदपत्रे, सगळ्यांच्या आधार-पॅनच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि 'न्यू फोल्डर'च्या पोटात आणखी एक 'न्यू फोल्डर', असा तो पसारा होता. हवे ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतले आणि ब्राउझरमधील खात्यांतून बाहेर पडलो.

रिसायकल बिन रिकामा केला की माहिती गेली, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात विंडोज त्या फाइलची केवळ नोंद काढते आणि हार्ड डिस्कवरील त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनेही परत मिळू शकतो. डिस्क झटपट कोरी दाखवणाऱ्या क्विक फॉरमॅटचीही तीच गत, म्हणजे अनुक्रमणिका फाडली तरी पुस्तकाची पाने शाबूत. म्हणून विंडोजच्या 'रीसेट धिस पीसी' या सोयीमध्ये सर्व काही काढून टाकण्यासोबत ड्राइव्ह साफ करण्याचा, म्हणजे जुन्या मजकुरावर दुसरे काही लिहून तो पुसण्याचाही पर्याय निवडला. त्याला तासन्‌तास लागतात, पण आजच्या हार्ड डिस्कसाठी असे एकदा पुनर्लेखन सहसा पुरेसे असते. एसएसडीवर, म्हणजे चिपांमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कवर, मात्र त्याचा भरवसा धरू नये, कारण तिचा कंट्रोलर (तिचा कारभार पाहणारी चिप) नवा मजकूर भलत्याच साठवण-पेशींत लिहितो. तिथे उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमधील 'सिक्युअर इरेज' ही पूर्ण डिस्क पुसण्याची सोय वापरावी.

मेव्हण्यांनी डिस्कला ड्रिलने भोके पाडण्याचा सल्ला दिला. बंद पडलेल्या डिस्कसाठी तो उत्तमच आहे, परंतु अभ्यासिकेतल्या मुलांना चालू संगणक हवा आहे.