रुपयात किती आणे?

आजी आत आल्या तेव्हा पदर खांद्यावर नव्हता. डाव्या हातानं तो अंगापासून दोन बोटं लांब धरला होता. पोलक्याऐवजी मुलाचा जुना मऊ सदरा, तोही उलटा घातलेला, शिवण टोचू नये म्हणून. वय अठ्ठ्याहत्तर.

"नागीण बरी होऊन चार महिने झाले," मुलगा म्हणाला. "कातडी बघा, साफ आहे. तरी रात्रभर कण्हते. आता वाटतं, सवयच लागलीय."

नागीण उठली तेव्हा आधी गेरूचा लेप झाला, मंत्र झाला. तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, ही भीती होतीच. खरं तर कांजिण्यांचा विषाणू मज्जारज्जूजवळ एका नसेच्या मुळाशी वर्षानुवर्षं दबून असतो. तो उठतो तो बहुधा त्या एकाच नसेच्या पट्ट्यात, एका बाजूला, त्यामुळे तोंड-शेपूट जुळायचा प्रश्न सहसा येतच नाही. घाई असते ती वेगळ्याच कारणानं: विषाणूवरच्या गोळ्या शक्यतो पहिल्या 72 तासांत सुरू व्हायला हव्यात. आजींना त्या आठव्या दिवशी मिळाल्या.

कापसाचा बोळा जरा पिंजून उजव्या कुशीवरून फिरवला. काही नाही. मग तसाच डावीकडे टेकवला मात्र, आजींनी किंचाळून माझं मनगट धरलं. मुलगा खुर्चीतून उठलाच. फोड सुकले तरी जखमी नस खोटी वर्दी देत राहते, हे मला नंतर फारसं समजवावं लागलं नाही.

औषध निवडणं सोपं नव्हतं. डायक्लोफेनॅक या नेहमीच्या वेदनाशामकानं आतापर्यंत फक्त पित्त वाढवलं होतं. नसेच्या दुखण्यावरचं अमिट्रिप्टिलिन लिहिणार होतो, पण काचबिंदूचे थेंब चालू निघाले; त्यात ते धोक्याचं. राहिलं गॅबापेन्टिन, तेही नसेच्या दुखण्यावरचंच. क्रिएटिनिन 1.4, म्हणजे मूत्रपिंडं जरा मंद, म्हणून रात्री फक्त 100 मिलिग्रॅम. एकदा अशाच एका बाईंना मी पहिल्याच दिवसापासून 300 ची गोळी तीनदा दिली होती. त्या मोरीत तोल जाऊन पडल्या. हाड वाचलं, पण माझ्या गोळीवरचा विश्वास गेला तो गेलाच. तेव्हापासून हळूहळूच चढवतो.

मिरचीतल्या तिखटापासून केलेलं मलम असतं, असंही सांगितलं.

"आधीच आग होतीय, त्यात मिरची चोळू?" आजी.

मी जागा बधिर करणारं लिडोकेनचं मलम लिहिलं.

दहापैकी किती दुखतं, हे त्यांना काही केल्या सांगता येईना. शेवटी विचारलं, "रुपयात किती आणे?"

"सोळा. वर व्याज."

पूर्ण जाईल असं मी म्हणालो नाही. निम्मं उतरलं, झोप लागली तरी पुष्कळ, एवढंच म्हणालो.

तीन आठवड्यांनी डोस तिप्पट झाला होता, तोही टप्प्याटप्प्यानं. मुलगा स्वतःसाठी नागिणीच्या लशीचं विचारत होता. पन्नाशीनंतर दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. 2023 पासून आपल्याकडेही मिळते. किंमत ऐकून तो गप्प झाला.

"आजी, किती आणे?"

"दहा. काल चार तास डोळा लागला." मग जरा थांबून, "पण ती मिरची नकोच हां."