१९३ सेकंद

रस्ते अपघाताची फिर्याद लिहून घेताना आमच्या हातून एक ओळ आपोआप उतरते. ‘भरधाव वेगाने, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून.’ पोलीस उपनिरीक्षक म्हणून रुजू झाल्यापासून ही ओळ मी किती वेळा लिहिली ते मोजलेलं नाही. जानेवारी २०२३ मधल्या त्या गुन्ह्यातही तीच लिहिली होती. नवव्या दिवशी मात्र ती माझ्या डोळ्यांत खुपायला लागली.

गुन्हा साधाच वाटावा असा होता. फलटणहून बारामतीकडे जाणारा रस्ता, नीरा नदीच्या अलीकडचा सरळ पट्टा, दोन्ही बाजूंना ऊस. सकाळी पावणेआठच्या सुमारास दुधाच्या टेम्पोने पुढच्या सायकलस्वाराला मागून उडवलं. माणूस चोपन्न वर्षांचा. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वॉचमन, सकाळच्या पाळीला निघालेला. जागीच गेला. आम्ही पोचलो तेव्हा चाळीस लिटरचे तीन कॅन रस्त्यावर लवंडलेले होते आणि दूध डांबरावरून साईडपट्टीच्या मातीत उतरत होतं. सायकलच्या हँडलला डब्याची पिशवी तशीच अडकलेली होती.

टेम्पोचालक चोवीस वर्षांचा पोरगा. पळून गेला नव्हता, रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसला होता. म्हणाला, “मॅडम, डोळ्यावर ऊन आलं. दिसलंच नाही.”

मी ते तसंच टिपून घेतलं. खोटं वाटलं नाही, कारण त्या वेळी सूर्य खरोखरच खाली असतो. पण दुसऱ्या दिवशी नकाशा पुरा करायला त्याच वेळेला त्याच जागी उभी राहिले, तेव्हा ऊन माझ्या उजव्या गालावर होतं. जानेवारीत सूर्य आग्नेयेला उगवतो आणि तो पट्टा ईशान्येकडे जातो. समोरून ऊन येण्याचा प्रश्नच नव्हता. पंचनाम्यातली आणखी एक नोंदही तेव्हाच नीट लक्षात आली. ब्रेकच्या काळ्या खुणा धडकेच्या जागेच्या चार मीटर पुढे सुरू होत होत्या. म्हणजे ब्रेक लागला तो धडक बसल्यावर. वेगात असलेला माणूससुद्धा समोर कुणी दिसलं तर आधी ब्रेकवर पाय देतो, निदान स्टिअरिंग तरी ओढतो. याने काहीच केलं नव्हतं. मोटार वाहन निरीक्षकांच्या तपासणीत ब्रेक ठीक निघाले.

मग तो बघत कुठे होता?

त्याचा मोबाईल आम्हाला क्लचच्या पायाखाली, रबरी मॅटच्या कडेला सापडला होता. काच तडकलेली. मुद्देमालात जमा करून सीडीआरसाठी पत्र पाठवलं. सीडीआर म्हणजे मोबाईल कंपनीकडची कॉलची नोंद, कुणाचा फोन कधी आला आणि किती सेकंद चालला याची. ती नवव्या दिवशी सकाळी आली. माझ्या हवालदारांनी ती पेट्रोल पंपाच्या सीसीटीव्हीशी ताडून पाहिली आणि म्हणाले, “फोनवर नव्हता, मॅडम. कॅमेऱ्यात धडक सात एक्कावन्नला आहे. शेवटचा कॉल सात चव्वेचाळीसलाच संपलाय.”

हवालदारांचा अनुभव माझ्या दुप्पट. मीही मान हलवली. पंपावरून फुटेजची प्रत आणि सोबत ६५ ब चं प्रमाणपत्र, म्हणजे असा पुरावा कोर्टात चालायला लागणारा दाखला, तेवढं घ्यायचं राहिलं होतं, म्हणून गेले. मॅनेजर डीव्हीआरमधून, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातून, पेनड्राइव्हवर प्रत उतरवत होता, मी स्क्रीनकडे बघत उभी होते. कोपऱ्यातली वेळ दिसली, ११:३२. सहज हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. ११:२३.

मॅनेजर म्हणाला, “ते घड्याळ कुणी लावतच नाही, मॅडम. बसवलं तेव्हापासून तसंच आहे.”

दोन पंच बोलावले आणि फक्त त्या घड्याळाचा वेगळा पंचनामा केला. फरक ९ मिनिटं १० सेकंदांचा निघाला, डीव्हीआर पुढे. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून आकडे मांडले. फुटेजमधली धडक ७:५१:३६. त्यातून ९ मिनिटं १० सेकंद वजा केले की ७:४२:२६. सीडीआरमधला येणारा कॉल ७:४१:०८ ला सुरू झालेला, १९३ सेकंद चाललेला, म्हणजे ७:४४:२१ ला संपलेला.

बोलायला लागून अठ्ठ्याहत्तर सेकंद झाले होते तेव्हा तो माणूस गेला. आणि धडकेनंतरही फोन जवळजवळ दोन मिनिटं चालूच होता.

हवालदारांनी कागद हातात घेतला, पुन्हा हिशेब केला, आणि काही न बोलता मला परत दिला.

सीडीआरमधून फोन चालू होता एवढंच कळतं, हातात होता की नाही ते कळत नाही. आणि कायदा हाताबद्दल बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने धोकादायक वाहन चालवण्याची जी उदाहरणं घातली, त्यात ‘हातात धरून वापरायचं संपर्काचं साधन’ असा उल्लेख आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. २०२० मध्ये नियमांत सवलत आली, ती फक्त रस्ता शोधण्यापुरती आणि लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. टेम्पोला ब्लूटूथ नव्हतं, हेडफोन सापडला नव्हता, तरी एवढ्यावर कोर्टात भागलं नसतं. कुणीतरी पाहिलेलं हवं होतं.

पंपासमोर, रस्त्याच्या उजव्या हाताला चहाची टपरी आहे. टपरीवाल्या काकांचा जबाब पहिल्याच दिवशी झाला होता आणि त्यात मोबाईलचा म सुद्धा नव्हता. मी पुन्हा गेले. विचारलं, “काका, टेम्पो तुमच्यासमोरून गेला तेव्हा ड्रायव्हरचे हात कुठे होते?”

“उजवा कानाला की. फोन होता.”

“मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?”

“त्या दिवशी तुम्ही स्पीड किती होता ते विचारलंत.”

खरं होतं. मीच विचारलं होतं. केंद्राच्या २०२२ च्या अहवालात देशभरात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातले दहापैकी सातांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत. ही खाती आमच्यासारखेच भरतात, तपास करणारे, आमच्या प्रश्नांवरून. वेग विचारला की वेग मिळतो. आयरॅडच्या, म्हणजे अपघातांच्या केंद्रीय संगणकीय नोंदवहीच्या, नोंदीत मोबाईलचा पर्याय आहे, पण तो निवडायला कुणाला तरी घड्याळाचा पंचनामा करावा लागतो. माझं स्वतःचं मत असं झालंय की या आकड्यांतला मोबाईलचा हिस्सा खऱ्यापेक्षा फार लहान आहे. सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही, ही एक फाईल सोडली तर.

दुपारी पोराला बोलावलं. जामिनावर होता, वडील सोबत आले होते. कागद त्याच्यापुढे ठेवला तसा तो रडायलाच लागला. “नाय उचलला तर शिव्या पडतात, मॅडम. आठच्या आत डेरीत पोचायचं असतंय. त्या दिवशी सहाव्यांदा आलता फोन.”

सीडीआर पाहिला. खरंच, टेम्पो पहिल्या संकलनावरून निघाल्यापासून त्याच एका नंबरवरून सहा कॉल. नंबर टेम्पोमालकाचा.

मालक चारच्या सुमारास आले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, टोपी. मयताच्या घरी दोनदा जाऊन आले होते, दुसऱ्या दिवशीच्या दहाव्याचा खर्चही त्यांनीच उचलला होता, हे मला त्यांच्याआधी इतरांनी सांगितलं होतं. माणूस निर्दय नव्हता. त्यांची अडचणही मी ऐकून घेतली. दूध उशिरा गेलं की डेअरीच्या फलाटावर आम्लता जास्त लागते, कॅनच्या कॅन परत येतात, आणि सकाळी रांगेत उभं राहून दूध घातलेला शेतकरी पैसे मालकालाच मागतो.

“मी आपला विचारायला फोन केला, कुठवर आलाय म्हणून,” ते म्हणाले.

“तो गाडी चालवतोय हे माहीत होतं?”

“त्याशिवाय पोचणार कसा?”

“आणि मग आवाज आला.”

यावर ते गप्प बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मी घाई केली नाही. बाहेर ठाणे अंमलदाराचा वायरलेस खरखरत होता.

“आला,” ते शेवटी म्हणाले. “धाडकन. कॅन पडल्यासारखा. मला वाटलं फाळका निसटला.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हणालो...” त्यांचा आवाज बसला. “म्हणालो, दूध सांडलं का रं?”

मी लिहीत होते, पेन थांबलं. पुढचं त्यांनी न विचारता सांगितलं. दोन-तीनदा हॅलो हॅलो केलं. मग लांबून कुणाचं तरी ओरडणं ऐकू आलं, ‘माणूस गेला, माणूस गेला.’ मग त्यांनी फोन कट केला. त्यानंतर त्यांच्या मोबाईलच्या कॉल-यादीत ७:४५ ला गेलेला एक कॉल होता. तो १०८ ला नव्हता. उरलेलं दूध उचलायला दुसरा टेम्पो पाठवण्यासाठी होता. यादीत तो होता, म्हणून मला विचारावं लागलं. त्यांनी हो म्हटलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

त्या संध्याकाळी मी घरी गेले नाही. कायद्याचं पुस्तक घेऊन बसले, कारण एक गोष्ट मनातून जात नव्हती. रस्त्यावर आम्ही पकडतो तो फोन हातात धरलेल्या माणसाला. डिसेंबर २०२१ पासून आपल्या राज्यात त्याचं तडजोड शुल्क, म्हणजे खटला न चालवता भरायची रक्कम, दुचाकीला १,००० आणि चारचाकीला २,००० आहे. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच सांगितलं होतं की गाडी चालवताना मोबाईल वापरणाऱ्याचं लायसन्स निदान तीन महिने निलंबित करा. हे सगळं बरोबरच आहे. आरटीओला या पोराचा प्रस्ताव मी पाठवलाही. पण पलीकडून रोज फोन करणारा, समोरचा गाडी चालवतोय हे पक्कं माहीत असलेला, आणि उचलला नाही तर शिव्या देणारा, तो कुठे बसतो?

कलम १८८ वर बोट थांबलं. १८४, १८५ किंवा १८६ खालच्या गुन्ह्याला जो अपप्रेरणा देईल, म्हणजे तो करायला लावेल किंवा त्यात मदत करेल, त्याला त्याच गुन्ह्याची शिक्षा. दोनच ओळींचं कलम. माझ्या प्रशिक्षणात ते कुणी वाचून दाखवल्याचं आठवत नाही.

सकाळी वरिष्ठांकडे फाईल घेऊन गेले. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं. “हे कलम कुणी लावलेलं मी तरी पाहिलेलं नाही,” ते म्हणाले. “आणि विचार कर. त्याला आरोपी केलंस तर साक्षीदार हातचा जातो. आवाज ऐकल्याचं मग कोण सांगणार? शिवाय तो ‘फोनवर बोलत गाडी चालव’ असं कुठे म्हणालाय?”

दोन्ही मुद्दे खरे होते. रात्रीच्या उत्साहातलं बरंच काही तिथेच खाली बसलं. पण पहिल्याला उत्तर होतं. वेळ सीडीआर आणि घड्याळाच्या पंचनाम्याने ठरत होती, हात टपरीवाल्या काकांनी पाहिला होता, मालकाच्या साक्षीवाचून पोरावरचा गुन्हा उभा राहत होता. दुसऱ्याचं उत्तर शोधायला त्याच मालकाच्या दुसऱ्या टेम्पोच्या चालकाला बोलावलं. तो बराच वेळ नखं कुरतडत बसला, मग म्हणाला, “फोन नाय उचलला तर खाडा लावत्यात.”

खाडा, म्हणजे दिवसाचा पगार कापायचा. फोन हातात घेऊन गाडी चालवण्याचा हुकूम यापेक्षा स्पष्ट शब्दांत कुणी देत नसतं, असं मी लिहिलं. जरा तापूनच लिहिलं होतं. सरकारी वकिलांनी वाचून ते वाक्य काढायला लावलं, पण कलम राहू दिलं. “टिकेल न टिकेल, कोर्टासमोर जाऊ दे,” असं म्हणाले. दोषारोपपत्र चालकावर दंड संहितेच्या २७९ (बेदरकार वाहन चालवणं) आणि ३०४ अ (हयगयीने मृत्यू) शिवाय मोटार वाहन कायद्याच्या १८४ खाली गेलं, मालकावर १८४ सह १८८ खाली. आता दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आलीय, ३०४ अ चं १०६ झालंय. हा खटला जुन्याच कलमांवर चालू आहे.

मयताच्या पत्नीचा पुरवणी जबाब घ्यायला मी त्यांच्या घरी गेले ते तेराव्यानंतर. ओसरीवर बसल्या होत्या, शेजारी बारावीतला मुलगा. तपासात काय निघालं ते सांगणं माझं काम होतं. सांगितलं, फोनवर होता.

“काय बोलत होता?” त्यांनी विचारलं.

मी क्षणभर थांबले. “मालक विचारत होता, कुठवर आलास म्हणून.”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ अंगणाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी पण यांना रोज पाळी सुटल्यावर तेच विचारायचे. हे सायकल थांबवून बोलायचे. म्हणायचे, थांब, आधी कडेला घेतो.”

मुलाने सायकलचं विचारलं. कॉलेजला जायला लागणार होती. मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाने सुपूर्दनाम्यावर मिळतो, म्हणून मी त्याला अर्ज लिहून दिला. हुकूम यायला तीन आठवडे लागले. मागचं चाक पार वाकलं होतं, ते त्याने फलटणला नवं बसवून घेतलं. ताबा घ्यायला आला तेव्हा हँडलला डब्याची पिशवी मुद्देमालाच्या लेबलासकट तशीच होती. त्याने ती सोडवली, घडी करून खिशात ठेवली, आणि पावतीवर सही केली.