चिनी आकडे आणि आमची अडत

बेदाणा प्रतवारीचं मशीन चीनहून मागवायचं ठरलं आणि बोलणी दिवाणजी म्हणून माझ्या गळ्यात पडली. भाषांतराला मोबाईल आहे, पण भाव मला स्वतःच्या कानांनी कळायला हवा. सांगलीच्या मार्केट यार्डात एवढी वर्षं काढल्यावर तेवढा हट्ट चालतो.

ई, अर, सान, स, वू, ल्यो, ची, पा, च्यो, शर. एवढं आलं की नव्याण्णवपर्यंत गाडी सुसाट. अकरा म्हणजे 'शर-ई', दहा-एक. चौथीतली पुतणी एकोणसाठ-एकोणसत्तर घोकून वैतागलीय, ती म्हणते मला तिकडच्याच शाळेत घाला. सूर मात्र सांभाळायचे. 'स' वरून झटकन खाली आणायचा सोडून खालच्या सुरात घोळवला की चारचं मरण होतं, म्हणून तिकडे कित्येक इमारतींत चौथा मजलाच नसतो!

खरी मेख दहा हजारांवर. त्याला 'वान' म्हणतात. लाख म्हणजे दहा वान, कोटी म्हणजे हजार वान. म्हणून मी वहीत स्वल्पविराम चार आकड्यांनंतर देतो: 3,5000, म्हणजे 'सान वान वू छ्येन'. शेठना ते बघवत नाही.

बोटांची खूण वेगळीच. आठला अंगठा-तर्जनी, नऊला वाकडी तर्जनी, सगळं एका हातावर. परवा व्हिडिओ कॉलवर समोरच्या बाईंनी अंगठा आणि करंगळी ताठ करून दाखवली.

"फोन करते म्हणतायत का ओ?" शेठ.

"नाही शेठ. मशीन निघायला सहा आठवडे लागतील म्हणतायत."