हार्मोनचा रिपोर्ट आला, पण रक्त किती वाजता दिलं होतं?

झोप लागत नाही, दिवसभर गळून गेल्यासारखं होतं, चिडचिड वाढलीय, म्हणून हल्ली पुष्कळ जण डॉक्टरांकडे जाण्याआधीच लॅबचं 'हार्मोन पॅकेज' बुक करतात. ऑफिसातून सवड मिळते दुपारी चारला, त्यामुळे रक्तही चारलाच दिलं जातं. रात्री मोबाइलवर रिपोर्ट येतो: कॉर्टिसोल कमी, टेस्टोस्टेरॉन काठावर, प्रोलॅक्टिन किंचित जास्त. तिन्ही आकडे ठळक अक्षरांत. मग जी काही थोडीफार झोप लागायची तीही जाते.

असा रिपोर्ट आला तर आकड्यांच्या आधी सॅम्पल घेतल्याची वेळ वाचा. यातली बहुतेक हार्मोन्स दिवसभर एका पातळीवर राहतच नाहीत. कॉर्टिसोल (ॲड्रिनल ग्रंथीतून येणारं, ताणाशी जोडलेलं हार्मोन) पहाटेपासून चढतं, उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वर जातं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला येतं. टेस्टोस्टेरॉन झोपेत वाढतं आणि सकाळी सर्वाधिक असतं. प्रोलॅक्टिनही (दूध आणणारं हार्मोन) झोपेत वाढतं, जाग आल्यावर तासा-दोन तासांत उतरतं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, रात्री चढतं, दुपारी उतरलेलं असतं. ग्रोथ हार्मोन पहिल्या गाढ झोपेत एकदम सुटतं आणि एरवी इतकं कमी असतं की त्याची अशी सुटी तपासणी म्हणजे पैसे पाण्यात.

दुपारी चारचं कॉर्टिसोल सकाळी आठच्या रेंजशी ताडून पाहिलं तर ते कमी दिसणारच. एवढ्यावरून 'ॲड्रिनल फटीग', म्हणजे ॲड्रिनल ग्रंथी थकलीय, असं ठरवून पावडरी विकणारे बरेच आहेत. वैद्यकशास्त्रात असं निदान नाही. ॲड्रिनल ग्रंथी खरोखरच मंदावते तेव्हा वजन घटतं, उभं राहिलं की चक्कर येते, खारट खावंसं वाटतं, आणि अनेकांच्या हिरड्या नि तळहाताच्या रेषा काळवंडतात. ते तपासायचं तर रक्त सकाळी आठच्या सुमाराला द्यायचं. उलट, कॉर्टिसोल जास्त असल्याचा संशय असेल (पोटावर रुंद जांभळट पट्टे, जिना चढताना मांड्यांत ताकदच नसणं, जरा धक्का लागला की काळंनिळं होणं) तर रात्री ११ वाजता डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची १ मिलिग्रॅम गोळी घेऊन सकाळी ८ ला रक्त देतात. कॉर्टिसोलचा आकडा १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आला की प्रश्न बहुधा मिटतो. गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर हा आकडा उगाचच वर येतो, म्हणून ते आधी सांगायचं.

प्रत्यक्षात जास्त कॉर्टिसोलचं चित्र दिसतं ते बहुतेक वेळा बाहेरून पोटात गेलेल्या स्टेरॉइडमुळे. वजन वाढायला, गुडघेदुखीला, दम्याला कुणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्या. चेहरा गोल होतो, भूक वाढते, झोप उडते. अशा पुड्या काही आठवड्यांपेक्षा जास्त घेतल्या असतील तर त्या एकदम थांबवू नका. शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं थांबवलेलं असतं, ते पूर्ववत व्हायला वेळ लागतो आणि मधल्या काळात रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टरांनी दिलेलं प्रेडनिसोलोनही साधारणपणे सकाळी नाश्त्यानंतर घ्यायचं असतं. चिठ्ठीवर रात्रीचाही डोस असेल आणि झोप जात असेल, तर तो सकाळी घेता येईल का हे विचारून घ्या.

पुरुषांसाठी टेस्टोस्टेरॉनचा नियम सोपा आहे: सकाळी ७ ते १०, उपाशी पोटी, वेगवेगळ्या दोन दिवशी. पोटात साखर गेली तरी आकडा उतरतो. शिकागो विद्यापीठातला २०११ चा एक छोटा प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. दहा तरुण, निरोगी पुरुषांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घटलं. म्हणून घोरणाऱ्या, पोट सुटलेल्या, साडेपाच तास झोपणाऱ्या माणसाला पहिल्याच भेटीत टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देणं मला पटत नाही. त्या इंजेक्शनने शुक्राणू बनणं जवळपास थांबू शकतं, रक्त दाट होतं आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास बळावू शकतो. मूल हवं असणाऱ्यांनी तर त्या वाटेला जाऊच नये.

प्रोलॅक्टिनच्या बाबतीत आपल्याकडचा एक गुन्हेगार घरोघरी असतो: ॲसिडिटीची कॅप्सूल. पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या जोडीला तिच्यात पुष्कळदा डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं, आणि ही दोन्ही औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात. पाळी पुढे जाणं, स्तनातून पाझर, पुरुषांत इच्छा कमी होणं, हे सगळं त्या कॅप्सूलमुळे होऊ शकतं. मेंदूच्या एमआरआयची अपॉइंटमेंट घेण्याआधी पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. मग कॅप्सूल डॉक्टरांना विचारून तीन-चार दिवस बंद ठेवून, उठल्यानंतर दोन तासांनी, जरा शांत बसून रक्त द्या.

आता थायरॉइड. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

झोप आणि टीएसएच यांचं नातं उलटं आहे. रात्री ते चढतं खरं, पण झोप त्याला दाबून ठेवते, जागरणाने ते आणखी चढतं. म्हणजे रात्रपाळी उरकून सकाळी लॅबमध्ये गेलेल्या माणसाचं टीएसएच ५ किंवा ६ आलं, तर त्यातला काही वाटा जागरणाचाही असू शकतो. किंचित वाढलेलं टीएसएच दोन-तीन महिन्यांनी, नीट झोप झालेल्या दिवशी पुन्हा करावं, जोडीला फ्री टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडवर उलटलेल्या अँटिबॉडी) बघावं, आणि मगच जन्मभराच्या गोळीचं ठरवावं. गरोदर असलेल्या किंवा त्या तयारीत असलेल्या बाईला मात्र हे थांबणं लागू नाही, तिने लगेच डॉक्टरांना गाठावं.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती उपाशी पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहाआधी निदान अर्धा तास, जमलं तर तास जाऊ द्यायचा. चहा-कॉफीबरोबर घेतल्यास ती नीट शोषली जात नाही. कॅल्शियम, लोहाची गोळी आणि अँटासिड यांच्यापासून तिला चार तासांचं अंतर हवं. ज्यांना डोळे उघडताच चहा लागतो, त्यांनी ती झोपताना घेतली तरी चालते, पण शेवटच्या घासानंतर तीन तास गेलेले असावेत. दहाला जेवून अकराला आडवं होणाऱ्या घरात हे जमणार नाही, तिथे सकाळच बरी. रक्त द्यायच्या दिवशी गोळी रक्त दिल्यानंतर घ्या, नाहीतर काही तास फ्री टी-४ फुगलेलं दिसतं. डोस बदलल्यावर सहा आठवड्यांच्या आत टीएसएच करून उपयोग नाही. हे औषध शरीरात निम्मं व्हायलाच सुमारे आठवडा घेतं.

आणि केस गळतात म्हणून घेतलेली बायोटिनची गोळी! ५-१० मिलिग्रॅम बायोटिन काही यंत्रांना फसवतं: टीएसएच खोटंच कमी, टी-४ खोटंच जास्त. रिपोर्ट 'हायपर' दिसतो, कुणीतरी थायरॉइडचा डोस उतरवतं, आणि बाई महिन्याभरात जास्तच सुस्तावते. तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा. खरोखरच डोस जास्त होत असेल तर टीएसएच ०.१ च्या खाली घसरतं, हात थरथरतात, छातीत धडधडतं, पलंगावर पडलं तरी डोळा लागत नाही, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर हाडं ठिसूळ होतात. वजन उतरावं म्हणून गुपचूप गोळी वाढवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पहाटे तीनला येणारी जाग हा सध्या रील्सचा लाडका विषय आहे. 'तीनला जाग म्हणजे कॉर्टिसोल वाढलंय' हे वाक्य अर्धवट आहे. पहाटे दोन-तीननंतर कॉर्टिसोल सगळ्यांचंच चढू लागतं, गाढ झोपणाऱ्यांचंही. गाढ झोपेचा बराचसा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात संपलेला असतो, म्हणून त्यानंतर झोप पातळ होते आणि बारीकसं कारणही जागं करायला पुरतं. शोधायचं ते कारण. घोरता घोरता गुदमरून जाग येते का? छातीत जळजळतं का? रात्री दारू झाली होती का? ती झोप लवकर आणते आणि उत्तररात्री मोडते. मन उदास आहे, पहाटे लवकर जाग येऊन नकोनकोसे विचार येतात, असं आठवडे चाललंय का? यातल्या एकाचंही उत्तर कॉर्टिसोलच्या रिपोर्टमध्ये सापडणार नाही.

मधुमेह असलेल्यांनी, विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असलेल्यांनी, ही जाग हलक्यात घेऊ नये. उशी घामाने ओली, भयंकर स्वप्नं, सकाळी डोकं जड, ही रात्री साखर पडल्याची चिन्हं आहेत. तीन वाजता ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर पाण्यात तीन-चार चमचे ग्लुकोज किंवा साखर (अंदाजे १५ ग्रॅम) विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, तरी ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच घ्या. सावरल्यावर पोळीचा तुकडा किंवा दोन बिस्किटं खा आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवा. ग्लिमेपिराइडचा परिणाम लांबतो, साखर पुन्हा पडू शकते. तीनचा आकडा चांगला आणि सकाळी सातचा १७० असेल, तर तो बहुधा पहाटे वाढणाऱ्या हार्मोन्सचा परिणाम. मग औषध बदलायचं ते वेगळ्या दिशेने, आणि म्हणूनच तीनचा आकडा लिहून ठेवणं मोलाचं.

अपुऱ्या झोपेचा भुकेवर होणारा परिणामही शिकागोतच मोजला गेला. २००४ मध्ये बारा तरुण पुरुषांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं. प्रयोग छोटा आहे, पण जागरणानंतर पोह्यांऐवजी वडापाव का खुणावतो याचा अंदाज त्यातून येतो.

झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणाऱ्या मेलाटोनिनबद्दल थोडक्यात. नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी ते मेंदूत स्रवू लागतं आणि डोळ्यांवर प्रखर, निळसर उजेड पडला की दबतं. गोळीने झोप सरासरी जेमतेम सात-आठ मिनिटं लवकर लागते. झोपेची वेळ अलीकडे-पलीकडे सरकवायला मात्र ती उपयोगी पडते, आणि त्यासाठी अर्धा ते एक मिलिग्रॅम पुरतं. अमेरिकेतल्या मुलांकडे निघालेल्या आईवडिलांनी तिथल्या झोपायच्या वेळी तीन-चार रात्री घ्यावी आणि सकाळी अंगणात बसावं. १० मिलिग्रॅमने दहापट झोप येत नाही, दुसऱ्या दिवशी डोकं जड मात्र होतं. गमींचा तर भरवसाच नाही: २०२३ साली अमेरिकेत २५ प्रकारच्या गमी तपासल्या, त्यातल्या २२ मध्ये लेबलवरचा आकडा आणि आतलं प्रमाण जुळलं नाही. त्यापेक्षा उठल्यावर अर्धा तास गच्चीवर चहा घ्या. भर पावसाळ्यातल्या ढगाळ सकाळीही बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पट असतो. संध्याकाळचा चहा चारनंतर नको, कारण कॅफिन निम्मं व्हायला पाच-सहा तास लागतात, आणि गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या स्त्रियांत जवळपास दुप्पट.

चाळिशीच्या मध्यावरच्या बायकांची झोप हा वेगळाच विषय. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, म्हणजे झोप बिघडायला त्याच्याही चार-पाच वर्षं आधी सुरुवात होऊ शकते. इस्ट्रोजेन उतरलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र फार हळवं होतं. अंगाचं तापमान एरवी कळणारही नाही इतकं वाढलं तरी ते घाम फोडतं, छातीपासून कानापर्यंत वाफ येते, गाउन भिजतो, आणि पाचच मिनिटांनी पांघरूण ओढावं लागतं. पंचेचाळिशीनंतर अशी लक्षणं आणि अनियमित पाळी असेल तर निदानाला एफएसएच (बीजकोषाला चालना देणारं हार्मोन) तपासावं लागत नाही. त्या काळात ते आज १२, महिन्याने ६०, पुन्हा १५ असं हेलकावतं.

त्रास रोजचा असेल तर 'वयानुसार होतंच' म्हणून सोसत बसायची गरज नाही. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या आणि स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, हृदयविकार, पक्षाघात किंवा यकृताचा आजार नसलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनचं जेल किंवा गोळी बहुधा देता येते. गर्भाशय असेल तर जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर आतलं अस्तर वाढत जातं. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल झोपतानाच घ्यायची. तिने गुंगी येते, त्यामुळे सकाळी घेतली तर दिवसभर झोकांड्या, रात्री घेतली तर झोपेला मदत. पाळी गेल्यावर कधीही, थेंबभर जरी रक्त दिसलं तरी सोनोग्राफी करायची.

एवढं करूनही घाम थांबला आणि थकवा तसाच राहिला, तर घरच्यांना घोरण्याबद्दल विचारा. पाळी गेल्यावर झोपेत श्वास अडकण्याचं प्रमाण बायकांतही वाढतं, पण त्या 'मी घोरते' असं डॉक्टरांना सांगत नाहीत; सांगतात ते निद्रानाश आणि डोकेदुखी. बोटाला आणि नाकाला सेन्सर लावून एका रात्रीत घरच्या घरी होणारी तपासणी आता मिळते. तासाला १५ किंवा जास्त वेळा श्वास अडकत असेल तर सीपॅप मशीनचा (मास्कमधून हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र) विचार करतात. तोपर्यंत झोपेची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून सुरू करू नका. काही गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात आणि श्वास जास्त वेळ अडकतो.