खापरपणजीचं नाव

नाशिक, शनिवार रात्र

खापरपणजी सापडली!

खापरपणजोबांचा माग सरकारी कागदांतून लागत गेला होता. आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं. फेरफार, जुनी पाहणीपत्रकं, गाव नमुना 14 मधल्या जन्ममृत्यूच्या मोडी नोंदी, सगळीकडे बापाचं नाव, मुलाचं नाव, जमीन किती, सारा किती. बाईचा उल्लेख आला तर ‘अमक्याची बायको’ एवढाच. याचा मला फार राग येत होता. बैलांइतकीच राबलेली बाई, आणि तिला साधं नावही नाही.

रामकुंडाजवळच्या आमच्या तीर्थोपाध्यायांनी मूळ गाव आणि आडनाव विचारलं आणि यजमानांच्या वंशावळीची वही काढली. पिंड देताना बाप, आजा, पणजा यांच्यासोबत आई, आजी, पणजी यांचीही नावं घ्यावी लागतात. त्यामुळे महसूल खात्याला बायकांची गरज पडली नाही, तरी उपाध्यायांना ती नावं जपावीच लागली. हे आधी कसं कुणी सांगितलं नाही!

मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ पाळत नाहीत. मला एकटीला दोन ओळीही लागल्या नसत्या. गुरुजी बोट ठेवून वाचत गेले. शके 1800, बहुधान्य संवत्सर, आषाढ. म्हणजे 1878 चा पावसाळा. खापरपणजोबा बायकोच्या अस्थी घेऊन आले होते, सोबत मुलगा, म्हणजे माझे पणजोबा. वय लिहिलेलं नाही, पण पुढच्या नोंदींवरून तेव्हा दहाबारा वर्षांचे असावेत. खाली सही नाही, सहीऐवजी नांगराची खूण: ‘निशाणी नांगर’.

ती कशाने गेली ते वहीत नाही. पण 1876 ते 78 चा दुष्काळ आमच्या भागावर किती भयंकर कोसळला होता हे वाचलेलं आहे, आणि माझं मन तिथेच जातं. अशा काळात हा माणूस नाशिकपर्यंत आला. आमच्या तालुक्यातल्या डिकसळला रेल्वे 1858 मध्येच आली होती, पुढे वाटेतल्या बोरघाट आणि थळघाट या दोन्ही घाटांतूनही गाड्या सुरू झाल्या होत्या. तरी तिकिटाचे पैसे कुठून आणले असतील? का चालतच आले बापलेक? मला त्यांच्याबद्दल आज फार माया वाटली.

आणि तिचं नाव! तेच आमच्या थोरल्या आत्याचं नाव आहे. धर्मशाळेच्या पायरीवरूनच आत्याला फोन लावला. ती म्हणाली, “अगं, माझं नाव आजोबांनीच ठेवलं. आई दुसरं म्हणत होती, पण ते ऐकेनात. का, ते कधी बोलले नाहीत.”

तिचे आजोबा म्हणजे वहीतला तो मुलगा.

आता तिचं माहेर शोधायचंय. आत्याला अंधुक आठवतं की पणजोबांचं आजोळ भीमेपलीकडे, करमाळ्याच्या बाजूला होतं. सोमवारी गुरुजी तिकडच्या गावांच्या वह्या काढणार आहेत.