मास्तरकीचं लायसन कुठं मिळते?

"सर, मास्तरकीचं लायसन अस्ते काय कुठी? लायसन गाडीले लागते!"

इंग्लंडात शिकवायला जायचं म्हणून, मी मान्यताप्राप्त शिक्षक असल्याचं पत्र मागायला वऱ्हाडातल्या एका शिक्षण कार्यालयात गेलो होतो. टेबलापलीकडच्या बाबूंनी हे विचारलं तेव्हा मीही हसलो. पुढे त्याच टेबलापुढं नऊ वेळा उभं राहिलो. नवव्या खेपेला दोघांपैकी कोणीच हसत नव्हतं.

मी गणित-विज्ञान शिकवतो, सहावी ते दहावी. शाळा खेड्यातली, बरीच वर्षं विनाअनुदानित, आता टप्पा अनुदानावर, म्हणजे पगाराचा काही हिस्साच सरकारकडून. ज्याला टप्पा अनुदान म्हणजे खरं काय ते ठाऊक आहे, त्याला मी बाहेरदेशी जायचा विचार का केला हे सांगायची गरज नाही. आणि ज्याला ठाऊक नाही, त्यानं एखाद्या विनाअनुदानित मास्तरला दिवाळीच्या आधी विचारावं.

इंग्लंडनं फेब्रुवारी 2023 पासून भारतासह आणखी काही देशांतल्या शिक्षकांसाठी 'क्वालिफाइड टीचर स्टेटस' म्हणजे क्यूटीएसचा, तिथल्या शिक्षक-पात्रतेचा, थेट अर्ज खुला केला. आपल्यासाठी अट अशी की विषय गणित, विज्ञान किंवा परकीय भाषा असावा आणि 11 ते 16 वयाच्या मुलांना शिकवायची पात्रता असावी. पदवी, बी.एड., किमान एका शालेय वर्षाचा अनुभव आणि इंग्रजी येत असल्याचा पुरावा. अर्ज ऑनलाइन. मी भरला तेव्हा फी शून्य होती. हे मुद्दाम लिहितोय, कारण नागपुरात एका एजंटानं मला याच अर्जाचे पंच्याऐंशी हजार सांगितले होते, वरून चहा पाजला. क्यूटीएस म्हणजे व्हिसा नव्हे आणि नोकरीही नव्हे, हे त्यानं सांगितलं नाही. नोकरी वेगळी शोधावी लागते, तिथल्या शाळेनं स्पॉन्सर केलं तरच व्हिसा मिळतो.

पदवी आणि गुणपत्रिका स्कॅन केल्या. बी.एस्सी. इंग्रजी माध्यमातून झाल्याचा दाखला आठ दिवसांत हातात आला, त्यामुळे इंग्रजीची परीक्षा टळली. इथवर सगळं एका महिन्यात झालं. मी घरी म्हटलंही, की लोक उगाच बाऊ करतात.

मग आलं ते पत्र.

इंग्लंडवाल्यांना एक पत्र हवं असतं: हा माणूस मान्यताप्राप्त शिक्षक आहे, सरकारी शाळेत शिकवायला पात्र आहे, अमुक विषय, अमुक वयोगट, आणि याची मान्यता कधी रद्द, निलंबित वा मर्यादित केलेली नाही, याच्यावर कारवाई नाही. बऱ्याच देशांत शिक्षकांची नोंदणी करणारी परिषद असते, ती हे पत्र देते. आपल्याकडे डॉक्टरांची परिषद आहे, वकिलांची आहे, शिक्षकांची नाही. एनसीटीई ही शिक्षक-प्रशिक्षणाची केंद्रीय परिषद आहे, पण ती बी.एड. कॉलेजांना मान्यता देते, तुम्हाआम्हाला नंबर देत नाही. बाबूंनी टीईटीचं प्रमाणपत्र पुढं करून पाहायला सांगितलं. पण टीईटी ही पात्रता परीक्षा, आणि तीही आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी. मग आपल्याकडे लायसनच्या सगळ्यात जवळचा कागद कोणता? वैयक्तिक मान्यतेचा आदेश, म्हणजे शाळेनं केलेल्या नेमणुकीला शिक्षण खात्यानं दिलेली मंजुरी. शिक्षणाधिकारी माध्यमिक यांच्या सहीचा, जावक क्रमांकासकट. हे मला तिसऱ्या खेपेनंतर सुचलं, पहिल्याच खेपेला सुचलं असतं तर उन्हाळा वाचला असता.

पहिल्या खेपेला "मुख्याध्यापकांमार्फत या" म्हणाले. दुसऱ्या खेपेला मुख्याध्यापकांचं पत्र होतं, तर "साहेब दौऱ्यावर". तिसऱ्या खेपेला दहावीचे पेपर चालू, अख्खं कार्यालय कॉपीमुक्तीच्या मागे. चौथ्या खेपेला बाबूंनी अर्ज पहिल्यांदा पूर्ण वाचला आणि म्हणाले, "याचा नमुनाच नाही न आमच्यापाशी. नमुन्याबगर पत्र कसं काढाव?" मी म्हटलं, मी मसुदा करून आणतो. त्यांना ते एकदम पटलं. तेव्हा एक सल्ला इथंच देतो: मसुदा पहिल्या दिवशीच खिशात ठेवा, मराठी वर आणि इंग्रजी खाली, एकाच कागदावर. पत्र नुसतं मराठीत निघालं तर पुढे प्रमाणित भाषांतराचा खर्च वेगळा बसतो.

पाचव्या खेपेला मसुदा दिला. "मान्यतेचा मूळ आदेश दाखवा." माझ्याकडे झेरॉक्स होती, तीही अशी की जावक क्रमांकावरच गोल शिक्का. मूळ आदेश संस्थेच्या सचिवांच्या कपाटात. सचिवांना कुठूनतरी लागलेला सुगावा, की मास्तर उडणार. ते रोज गोड बोलत आणि कपाटाची किल्ली रोज लेकाकडे असे. लेक यवतमाळले गेलेला असे.

शेवटी मी माहितीचा अधिकार वापरला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, माझ्याच मान्यता आदेशाची साक्षांकित प्रत मागितली, त्याच कार्यालयाकडे. म्हणजे जो कागद मी त्यांना दाखवायचा होता, तो त्यांच्याकडूनच घेऊन त्यांनाच दाखवायचा. कायद्यात तीस दिवस आहेत, माझी प्रत सव्विसाव्या दिवशी आली. तोवर मे उजाडला होता. एसटीतून उतरून कार्यालयापर्यंत चालत जाईस्तोवर डोक्यावरचं दुपट्टं वाळलेलं असायचं, पोहोचल्यावर पुन्हा नळाखाली ओलं करायचो. कार्यालयातल्या कूलरमध्ये पाणी नसायचं, त्याचा फक्त आवाज.

प्रत दाखवली. आता अडलं वयोगटावर. "आम्ही इयत्ता लिहतो, वय नाही लिहत." कंसात वय टाकायला तयार झाले. मग अडलं ते शेवटच्या ओळीवर, आणि तिथं दोन खेपा गेल्या. "कारवाई नाही असं लिहून देलं, अन् उद्या काही निंघालं तं? मले काऊन गुतवता बाप्पा?" माझा तोल तिथं गेला. मी मोठ्यानं बोललो, सगळे वळून पाहू लागले. सांगायला लाज वाटते, पण नुकसानही झालं: पुढचे पंधरा दिवस माझी फाइल कोणत्या गठ्ठ्यात आहे तेच सापडत नव्हतं.

वाट काढली ती अधीक्षक बाईंनी. निवृत्तीला आलेल्या, चष्मा कपाळावर. मसुदा वाचला, पेनानं त्या ओळीच्या सुरुवातीला तीन शब्द घातले: 'आजमितीस उपलब्ध अभिलेखानुसार'. म्हणाल्या, "आता लिहा. आमच्या दप्तरात जे आहे तेवढंच आम्ही बोलतो, उद्याचं उद्या." बाबूंचा चेहरा उजळला. दोन दिवसांत सही झाली. पाच महिने ज्या ओळीसाठी फिरलो, तिला हवे होते ते तीन शब्द. मी ते इंग्रजीतही तसेच उतरवले, आणि पलीकडून त्यावर काही प्रश्न आला नाही.

अनुभवाच्या दाखल्याचं मात्र सांगायचं राहिलं. इंग्लंडवाले मुख्याध्यापकांना थेट ईमेल करून विचारतात, अन् खासगी जीमेल पत्त्यावर त्यांचा भरवसा नसतो. आमच्या शाळेचा पत्ताच मुळी जीमेलचा, तोही क्लार्कच्या मोबाइलवर. संस्थेच्या नावानं वेगळा पत्ता काढावा लागला, पैसे मीच भरले, आणि किल्लीवाल्या सचिवांना सांगितलं की शाळा डिजिटल होतेय. त्यांनी फलक लावला.

दुसरं, नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पदवीवर वडलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर आणखी वेगळी मांडणी. तिन्ही एकाच माणसाची नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र तहसीलला आधीच करून घ्या. मी सगळं झाल्यावर, त्यांनी विचारल्यावर केलं, आणि पुन्हा तीन आठवडे घालवले.

क्यूटीएसचं ईमेल आलं तेव्हा मी आठवीला भूमितीचं प्रमेय शिकवत होतो. वर्ग संपेपर्यंत फोन खिशात ठेवला, ते कसं जमलं माझं मला माहीत. नोकरीचे अर्ज आता चालू आहेत, दोन ठिकाणी मुलाखत झाली, एकीकडून नकार आला.

परवा त्याच कार्यालयात पगारबिलाच्या कामानं गेलो होतो. बाबूंनी हाक मारली, शेजारी एक तरुण मॅडम बसलेल्या, हातात माझ्यासारखाच अर्ज. "बसा न सर. तुमचा तो मसुदा आहे काय मोबाइलमंदी? आमच्या फाइलीतली प्रत सापडून नाही राह्यली."