केंटकी डर्बीचा वीकएंड: १६३.६० डॉलरचा डिव्हिडंड आला कुठून?

७ मे २०२२, अमेरिकेतलं लुइव्हिल, चर्चिल डाउन्स रेसकोर्स, बारावी रेस, म्हणजे केंटकी डर्बी. पहिला आला नंबर २१, रिच स्ट्राइक. दोन डॉलरच्या तिकिटाला विनचे (घोडा पहिला) १६३.६०, प्लेसचे (पहिल्या दोनांत) ७४.२० आणि शोचे (पहिल्या तिघांत) २९.४० डॉलर. दुसरा आला एपिसेंटर, म्हणजे सर्वांत जास्त पैसे लागलेला फेव्हरिट, आणि तिसरा झँडन. डर्बीच्या इतिहासात याहून मोठा विन डिव्हिडंड एकदाच लागलाय: १९१३ साली डोनरेल, १८४.९०. इकडच्या पेपरांनी याला चमत्कार म्हटलं. निकालपत्रक नीट वाचलं तर चमत्कार थोडाच उरतो, बाकी सगळा हिशोब आहे.

आधी पैशाचं बघू. चर्चिल डाउन्सवर महालक्ष्मीसारखे बुकी नाहीत, सगळा कारभार टोटचा: सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये, आणि त्यातूनच जिंकणाऱ्यांना वाटप. त्यामुळे तिकीट घेताना दिसणारा भाव तुमचा नसतो. स्टार्टिंग गेट उघडून तिकीट खिडक्या बंद होतात तेव्हाचा शेवटचा भाव सगळ्यांना लागू. छापील कार्डावरचा मॉर्निंग लाइन हा तर ट्रॅकच्या माणसाचा नुसता अंदाज. त्यात झँडन फेव्हरिट होता आणि रिच स्ट्राइकला ३० चा भाव होता; प्रत्यक्षात एपिसेंटर ४.१० वर फेव्हरिट सुटला आणि रिच स्ट्राइक ८०.८० वर, म्हणजे एका डॉलरला ८०.८० नफा, लावलेला डॉलर धरून ८१.८०.

विनच्या पूलमधून ट्रॅक आधी १७.५ टक्के कापून घेतो. उरलेल्या ८२.५ ला ८१.८ ने भागा, जवळजवळ एक येतं. म्हणजे पूलमधल्या दर शंभर डॉलरमागे जेमतेम एक डॉलर या घोड्यावर होता, तर एपिसेंटरवर सोळाच्या आसपास. वीस घोड्यांत सारखी वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच येतात. आता खरा प्रश्न असा, की रिच स्ट्राइकची जिंकायची शक्यता शंभरात एकच होती का? आमच्या मते थोडी जास्त होती. फेव्हरिट होण्याइतकी नक्कीच नव्हती.

त्याची कारणं कार्डावर छापलेली होती. याआधीच्या सात धावांत घोडा एकदाच जिंकला होता, पण तो याच ट्रॅकवर, सव्वासतरा लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे घोड्याची एक लांबी). ती क्लेमिंग रेस होती. अशा रेसमध्ये धावणारा प्रत्येक घोडा ठरलेल्या किमतीला विक्रीला असतो. रेस सुटण्याआधी अर्ज टाकायचा, घोडा तुमचा होतो आणि त्या रेसचं बक्षीस मात्र जुन्या मालकाला जातं. ट्रेनर एरिक रीड यांनी त्याला ३० हजार डॉलरला असाच उचलला. नंतर टर्फवे पार्कच्या कृत्रिम ट्रॅकवर तो तिसरा आला. तरीही डर्बीच्या वीस जणांत तो बसत नव्हता. शुक्रवारी सकाळी मुदत संपायला थोडाच वेळ उरला असताना एथिरियल रोड हा घोडा काढून घेतला गेला, आणि हा राखीव यादीतून आत आला. गुरुवारीच आकडेमोड करून ठेवलेल्या बहुतेकांनी त्याच्याकडे पाहिलंच नसणार.

दुसरं कारण पेस, म्हणजे सुरुवातीचा वेग. दुबईहून आलेला समर इज टुमॉरो सुसाट सुटला. पहिला पाव मैल २१.७८ सेकंदांत, हा डर्बीतला सर्वांत वेगवान. अर्धा मैल ४५.३६. सव्वा मैलाच्या रेसमध्ये या वेगाने कुणी टिकत नाही. तो स्वतः विसावा आला, त्याला चिकटून पळणारा जपानचा क्राउन प्राइड तेरावा. सुरुवातीला मागे राहिलेल्यांसाठी रान मोकळं झालं. जॉकी सनी लियॉनने अगदी बाहेरच्या गेटमधून सुटूनही घोडा आत रेलवर आणला, वळणाचं अंतर वाचवलं आणि शेवटी पाऊण लेंग्थने रेस मारली. वेळ २:०२.६१, म्हणजे खास वेगवान नाही. जिंकणारा उडाला नाही, पुढचे थकले. मातीच्या ट्रॅकवर पेसचा हा हिशोब हिरवळीपेक्षा जास्त निर्दय असतो, कारण मागच्यांच्या तोंडावर सतत माती उडते आणि म्हणून सगळेच जॉकी पुढे राहायला धडपडतात.

मिश्र तिकिटांत मजा आणखी. पहिले दोन क्रमाने ओळखणारी दोन डॉलरची एक्झॅक्टा (आपली फोरकास्ट) ४,१०१.२०, पहिले तीन ओळखणारी पन्नास सेंटची ट्रायफेक्टा ७,४३५.३५, आणि पहिले चार क्रमाने ओळखणारी एक डॉलरची सुपरफेक्टा ३,२१,५००.१०. या पूलमधून कपात २२ टक्के. 'एपिसेंटर पहिल्या दोनांत येईलच, पण जिंकेल याची खात्री नाही' असं वाटणाऱ्याने एक्झॅक्टात वर (पहिल्या जागी) 'ऑल', म्हणजे बाकीचे सगळे घोडे, आणि खाली (दुसऱ्या जागी) ३ नंबर, म्हणजे एपिसेंटर, लावला असता तर एक डॉलरच्या हिशोबाने १९ डॉलर गेले असते आणि २,०५०.६० आले असते. उलट पाच घोड्यांचा सुपरफेक्टा बॉक्स (निवडलेले घोडे शक्य त्या सगळ्या क्रमांनी) म्हणजे १२० तिकिटं, एक डॉलरने १२० डॉलर. आणि त्यात २१ नसेल तर सगळा कागद. नवखे बॉक्सवर उधळतात ते इथेच.

कराचं गणित त्या वर्षी असं होतं: जिंकलेली रक्कम ६०० डॉलर किंवा जास्त आणि लावलेल्या पैशाच्या किमान ३०० पट असेल तरच डब्ल्यू-टूजी हा कराचा फॉर्म, ५,००० च्या वर गेली की २४ टक्के तिथेच कापून. ३०० पट मोजताना त्याच पूलमध्ये लावलेली, एका तिकिटावरची सगळी रक्कम धरतात. म्हणून वरच्या १९ डॉलरवाल्याला फॉर्म लागत नाही. एकच दोन डॉलरची एक्झॅक्टा घेणाऱ्याला लागतो.

खिडकीवर बोलायचा क्रम ठरलेला: ट्रॅक, रेस, रक्कम, प्रकार, नंबर. 'चर्चिल डाउन्स, रेस १२, दोन डॉलर विन, नंबर २१.' नंबर कार्डावरचा सांगायचा, गेटचा नाही. रिच स्ट्राइक २० व्या गेटमधून सुटला होता. इथे प्लेस म्हणजे फक्त पहिला किंवा दुसरा, तिसऱ्यापर्यंत हवं तर शो. मुंबईच्या सवयीने प्लेस घेऊन तिसऱ्या आलेल्या झँडनचे पैसे मागायला गेलात तर काही मिळणार नाही. आणि बोर्डावर 'ऑफिशियल', म्हणजे निकाल पक्का, असं लागेपर्यंत तिकीट फेकू नये. २०१९ ला मॅक्सिमम सिक्युरिटी पहिला आला, वीसेक मिनिटं चौकशी चालली आणि तो बाद झाला. कंट्री हाउसचे १३२.४० मिळाले.

डर्बीच्या आदल्या दिवशीची, शुक्रवारची घोडींची रेस ओक्स मात्र सरळ गेली. ट्रेनर डी. वेन लुकास यांच्या सीक्रेट ओथने जॉकी लुइस साएझच्या हाताखाली ती मारली, आणि लुकास यांची ही पाचवी ओक्स.

एक बारीक गोष्ट: तेव्हा केंटकीत दोन डॉलरच्या तिकिटावर २० सेंटच्या खालची चिल्लर ट्रॅककडे राहायची. त्याच उन्हाळ्यापासून कायदा बदलून सेंटपर्यंत हिशोब द्यायला लागले; म्हणून २०२३ च्या डर्बीत विजेत्या मेजचा डिव्हिडंड ३२.४२ असा दिसतो. त्या वर्षी अठराच्या अठरा घोड्यांवर दोन-दोन डॉलर लावणारा ३६ घालवून तोट्यात गेला असता. २०२२ ला वीसही घेणारा ४० घालून १६३.६० घेऊन गेला असता, पण अशी वर्षं क्वचितच.

रिच स्ट्राइकने पुढची मोठी रेस प्रीकनेस सोडली आणि जूनमध्ये बेलमाँट या रेसमध्ये पळाला. या वेळी लोकांनी त्याला एक आकडी भावावर आणून ठेवला. आला सहावा. जिंकला मो डोनेगल, जो डर्बीत पाचवा होता.